कोरडं धरण आणि व्याह्यांची तुती

गावात कुणी पाहुणा आला आणि त्यानं धरण बघायचा हट्ट धरला, की त्याची हमखास निराशा व्हायची. चढावर धापा टाकत जायचं, माथ्यावर पोचायचं, आणि पलीकडे बघायचं तर काय, नुसतं गवत! गवतात चरणाऱ्या चार गाई, मधून वाहणारा एक ओढा, आणि संपलं. "पाणी कुठंय?" असं पाहुणा विचारायचा. मग धरणाची राखण करणाऱ्या काकू कमरेवर हात ठेवून सांगायच्या, "नाहीये. नसायलाच हवं. पाहुणे यायच्या आधीच पंगत भरली, तर पाहुण्यांना बसवायचं कुठं?"

हे धरण पुरासाठी बांधलेलं होतं. वर्षातले बहुतेक दिवस ते रिकामं असायचं, आणि ओढा त्याच्या पोटातल्या बोगद्यातून नेहमीसारखा गावाकडे निघून जायचा. डोंगरात धो धो पाऊस कोसळून ओढा फुगला, की काकू माथ्यावरच्या खोलीतलं लोखंडी चाक फिरवून बोगद्याचा दरवाजा खाली घ्यायच्या. गावातल्या पात्राला झेपेल तेवढंच पाणी पुढे सोडायचं, बाकीचं मागे अडवून धरायचं, आणि पूर ओसरला की सावकाश मोकळं करायचं. शाळेची सहल आली होती तेव्हा एका पोरीनं घरी जाऊन सांगितलं, "तिथल्या काकू ओढ्याला झाकण लावतात." झालं! तेव्हापासून सगळा गाव त्यांना झाकणकाकू म्हणायला लागला. काकूंनी ते मनावर घेतलं नाही. "बूचकाकू म्हणाले नाहीत, हेच नशीब," असं त्या म्हणायच्या.

त्याआधी काकू गाद्या शिवायच्या. खालच्या गल्लीत, ओढ्याच्या अगदी काठाला, गाद्यांचा एक कारखाना होता. तिथं त्यांनी दोनदा पूर पाहिला. भिजलेली गादी किती जड होते, हे ज्यानं ती उचललीय त्यालाच ठाऊक. चार टोकांना चार बायका लागल्या तरी ती जागची हलत नसे, जणू आत कुणी ढाराढूर झोपलंय. दुसऱ्या पुरानंतर कारखाना उठला तो उठलाच. मग वर धरण झालं, राखणदाराची जागा निघाली आणि काकू मुलाखतीला जाऊन बसल्या.

"पोहता येतं का?" समोरच्या साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग धरणावर काय करणार तुम्ही?"

"साहेब, ज्याला पोहता येतं त्याला पाण्याची भीती नसते. मला आहे. मी डोळ्यात तेल घालून बघीन."

साहेब हसले, आणि चाक काकूंच्या हाती आलं.

पुढचं सगळं त्यांना शिकवलं ते खात्यातल्या इंजिनिअर बाईंनी. वयानं काकूंच्या लेकीएवढ्या, पण बोलणं मुद्द्याचं. धरण मातीचं आहे, त्यामुळे त्याला वरून येणाऱ्या लाटेपेक्षा आतून होणाऱ्या वाटेची भीती जास्त, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. उंदरांनी बीळ केलं, ती वाट. झाडानं मूळ घुसवलं, ती वाट. पायथ्याशी थोडं पाणी पाझरलं तर चालेल, पण ते गढूळ आलं तर समजायचं की धरण आतून झिजतंय. म्हणून दोन्ही उतारांवर झाडझुडूप नको, नुसतं गवत हवं, आणि तेही आखूड, म्हणजे बीळ, भेग, ओल काहीही लपायचं नाही. काकूंनी ते डोक्यात असं बसवलं की त्या चालताना जमीनच बघायच्या, समोर ओळखीचं माणूस आलं तरी धडक होईपर्यंत पत्ता नसायचा.

काकूंच्या नवऱ्याचं खालच्या गल्लीत केशकर्तनालय होतं. "मी गावाची डोकी भादरतो, ही धरणाचं भादरते," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकंही बोलण्यात कमी नव्हती, ती विचारायची: धरण बांधून इतकी वर्षं झाली, एकदा तरी ते काठोकाठ भरलं का? नाही. मग तिथं तळं करून नावा का सोडू नयेत? नवरा कात्री चालवता चालवता म्हणायचा, "हे बघा, आमच्या घरात दोनच गोष्टी रिकाम्या असतात. एक तिचं धरण आणि एक माझं डोकं. दोन्ही भरायच्या भानगडीत पडू नका."

त्या वर्षी लेकीचं बाळंतपण आलं. लेक गावातच दिली होती, तरी काकूंनी पहिल्यांदाच लांब रजा काढली. बदलीवर आलेला माणूस भला होता, पण गवताच्या बाबतीत आळशी. रजा संपवून काकू धरणावर गेल्या तेव्हा गावाकडच्या उतारावर गवत गुडघ्याला लागत होतं. कापत कापत त्या मधोमध आल्या आणि थांबल्या. गवतात कमरेएवढं एक तुतीचं रोप उभं होतं.

पक्ष्यानं टाकलेल्या बीचं ते रोप नव्हतं. त्याला काठी बांधलेली होती, खोडाला गोणपाट गुंडाळलेलं होतं, आणि भोवती आळं केलेलं होतं. आळं कसलं, वाटीच ती! कड एकसारखी, आतून थोपटून गुळगुळीत केलेली. असं आळं करणारा हात गावात एकच होता. काकूंचे व्याही.

व्याही म्हणजे लेकीचे सासरे, सार्वजनिक बागेतून निवृत्त झालेले माळी. त्यांची बायको, काकूंची विहीण, आदल्या थंडीत गेली. विहीणबाईंना संध्याकाळी धरणावर यायला आवडायचं. माथ्यावर चालून झालं, की उतारावर याच ठिकाणी त्या बसायच्या आणि खालच्या गावाकडे बोट दाखवून "ते आपलं छप्पर का हो?" असं दर वेळी चुकीच्याच छपराविषयी विचारायच्या. व्याही दर वेळी "हो" म्हणायचे.

काकू विळा बाजूला ठेवून त्या रोपापाशी बसल्या. मग त्याच्याभोवतीचं गवत हातानं उपटलं आणि घरी आल्या. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं.

"राहू दे की एक झाड," नवरा म्हणाला. "एवढ्या मोठ्या धरणाला एका तुतीचं काय जड झालंय?"

"तुम्ही एखाद्याच्या डोक्यात ऊ दिसली तर एकच आहे म्हणून सोडून देता का?"

नवऱ्यानं पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी काकू लेकीच्या घरी गेल्या. व्याही अंगणात नातीचे कपडे वाळत घालत होते. चहा झाला, बाळाचं वजन झालं, हवापाण्याचं बोलून झालं, आणि शेवटी काकूंनी मान खाली घालून विषय काढला.

"व्याहीबुवा, उतारावरची तुती तुमची ना?"

"तिची आहे," व्याही म्हणाले.

"काढावी लागेल हो."

व्याह्यांच्या हातातलं दुपटं हातातच राहिलं. "विहीणबाई, एका झाडानं धरण फुटतं होय?"

"आज नाही फुटत. पण ती वाढेल. मुळं आत जातील. पुढं कधीतरी ती मरेल, मुळं कुजतील आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहतील. पाण्याला तेवढीच वाट हवी असते."

"मुळं मला नका शिकवू," व्याही एवढंच म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "जन्म गेला माझा मुळांत." आणि ते आत निघून गेले. दुपटं काकूंनी वाळत घातलं.

त्यानंतर व्याह्यांनी अबोला धरला. काकू नातीला बघायला आल्या की त्यांना नेमकं बाजारात काम निघायचं. बिचारी लेक कात्रीत सापडली. "आई, इकडे माझं सासर, तिकडे तुझं धरण! मी कुणाच्या बाजूनं बोलू?" ती म्हणाली.

"बाळाच्या," काकू म्हणाल्या. "तुमचं घर खालच्या गल्लीला लागूनच आहे, आणि बाळाचा पाळणा तळमजल्यावर."

लेकीनं पाळण्याकडे एकदा बघितलं. पण हे सासऱ्यांना जाऊन सांगायचा धीर तिलाही झाला नाही.

तपासणीला इंजिनिअर बाई आल्या तेव्हा काकूंनी त्यांना आधी सरळ तुतीपाशी नेलं. कुणाची, कुणासाठी, सगळं सांगितलं. बाई खाली बसल्या, खोडाभोवतीची माती दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "काढायला तर लागेल, काकू. यात मला सूट देता येत नाही. पण पाऊस सुरू व्हायच्या आत कधीही चालेल. दिवस त्यांनाच ठरवू द्या. आणि हे बघा, त्या कुंपणाच्या पलीकडे, ओढ्याची पायवाट वळते ना, तिथं लावलं तर माझी काहीच हरकत नाही. तिथून मुळं धरणापर्यंत पोचायची नाहीत."

"हे तुम्हीच त्यांना सांगाल का? माझ्याशी ते बोलत नाहीत."

"चला," बाई म्हणाल्या आणि खरंच त्याच चिखल लागलेल्या बुटांनी खाली गावात गेल्या. काकू मुद्दामच मागे राहिल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांना कधी कळलं नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुदिन्याचं रोप होतं.

पुढं बरेच दिवस काही घडलं नाही. मग एका सकाळी काकू उतारावर पोचल्या तर व्याही तिथं आधीच हजर. कुदळ, फावडं, ओलं गोणपाट, सुतळी, सगळं ओळीनं मांडलेलं.

"झाड हलवायचं तर पानं फुटायच्या आत," ते काकूंकडे न बघता म्हणाले. "म्हणून थांबलो होतो. नाहीतर तुम्हाला वाटायचं, म्हातारा हटून बसलाय."

"मला तसंच वाटत होतं," काकूंनी कबूल केलं.

व्याह्यांनी लांबून गोल आखला आणि खणायला सुरुवात केली. काकूंनी माती ओढली. दोघं बोलत नव्हते, पण कामात अडतही नव्हते. मुळांचा गड्डा सुटला असं वाटलं तेव्हा व्याह्यांनी रोप हलवून पाहिलं. ते निघेना. त्यांनी हात घालून चाचपलं, पुन्हा खणलं, पुन्हा चाचपलं. एक मूळ बाकीच्यांना सोडून एकटंच धरणाच्या आत निघालं होतं. व्याही त्याच्या मागोमाग खणत गेले तसं ते निघतच गेलं, आणि बाहेर आलं तेव्हा त्यांच्या हाताहून लांब होतं.

व्याही मूळ मांडीवर घेऊन बसले. "एवढ्याशा दिवसांत," ते म्हणाले. "मला वाटलं होतं ही अजून बाळच आहे."

काकूंनी मुळाच्या टोकाची माती हलकेच पुसली. मग व्याहीच म्हणाले, "तिलाही एकदा कुठं जायचं मनात आलं की असंच असायचं. कुणाला विचारणं नाही, सांगणं नाही." आणि त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. काकूंनी पाण्याची बाटली पुढं केली.

खड्डा त्यांनी चिकण मातीनं थराथरानं भरला आणि प्रत्येक थर धुमशानं, माती ठोकायच्या जड दांड्यानं, ठोकून घट्ट केला. तुती कुंपणापलीकडे वळणावर गेली. तिथून गावातली सगळी छपरं दिसत होती. व्याह्यांनी त्यातलं एक निवडून काकूंना विचारलं, "ते आमचं का हो?" ते बेकरीचं होतं. काकू म्हणाल्या, "हो."

त्याच वर्षी पावसाळ्याच्या मध्यावर डोंगरात असा पाऊस झाला की जुन्या माणसांनीही हात टेकले. सकाळी ओढा घोटाभर होता. तासा-दोन तासांत तो ओळखू येईना. काकूंनी चाक फिरवून दरवाजा खाली घेतला. बोगद्यातून पाणी गावाकडे बाहेर पडतं तिथल्या खांबावर लाल रेघ होती, पाणी तिच्या वर जाऊ द्यायचं नाही हा नियम. मागच्या बाजूला गाईंची कुरणं बुडाली, मग कुंपणं बुडाली, मग पाणी धरणाच्या उतारावर चढायला लागलं. दुपारपर्यंत त्या कोरड्या धरणाचं तळं झालं होतं आणि अर्धा गाव माथ्यावर ते बघायला जमला होता.

मग फोन सुरू झाले. वरचे कुरणवाले म्हणायचे, "काकू, दरवाजा उघडा, आमचं गवत सडतंय." खालच्या गल्लीतले म्हणायचे, "काकू, पार मिटून टाका, आमच्या पायऱ्यांना पाणी लागलंय." काकू दोघांनाही एकच उत्तर देत होत्या, "लाल रेघ." शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला आणि समोर येऊन भांडणाऱ्या एका धिप्पाड कुरणवाल्याला मागच्या बाजूला, बोगद्याच्या तोंडापासून उतारावर तिरक्या चढत गेलेल्या जाळीकडे पाठवलं. "उभे राहून भांडण्यापेक्षा फांद्या ओढा. जाळी तुंबली तर दरवाजा उघडा काय अन् मिटलेला काय!" तिथं आधीच एक माणूस लांब आकडीनं फांद्या ओढत होता. ते व्याही होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

पाणी सांडव्याच्या, म्हणजे जास्तीचं पाणी सोडून द्यायच्या काँक्रीटच्या वाटेच्या, उंबऱ्यापासून वितीवर आलं तेव्हा काकू पायथ्याची फेरी मारायला उतरल्या, आणि मधेच थांबल्या. एका ठिकाणी गवतातून पाणी निघत होतं. तुतीच्या जागेवरून नव्हे, तिथं त्यांनी आधी पाहिलं होतं, तिथं कोरडं ठक्क होतं. ही जागा वेगळीच. इतकी वर्षं फेऱ्या मारल्या, पण इथं कधी थेंब पाहिला नव्हता. धरण कधी इतकं भरलंच नव्हतं. काकूंनी लगेच इंजिनिअर बाईंना फोन लावला.

बाई रस्त्यातच होत्या. आल्या त्या धावतच उतारावरून खाली आल्या. त्यांनी काचेच्या बरणीत ते पाणी धरलं आणि उजेडाकडे केलं. बरणीपलीकडे बाईंचं बोट दिसत होतं, बोटावरची रेघ न् रेघ दिसत होती.

"स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या. "काकू, हे धरण भरल्यावर पाझरणारच. आतला पाझर बाहेर काढायला इथं वाळूचा पट्टा घातलाय, तो आज पहिल्यांदा कामाला लागलाय. मी तुम्हाला कागदावर दाखवला होता."

"कागदावर कोरडा होता हो तो," काकू म्हणाल्या आणि तिथंच ओल्या गवतात मटकन बसल्या.

"बसा, पण उठा लगेच. थोड्या थोड्या वेळानं बरणी भरून बघत राहायचं. गढूळ झालं तर पहिला फोन खालच्या गल्लीला, दुसरा मला."

मग काकू बरणी घेऊन त्या झऱ्यापाशीच राहिल्या, चाकापाशी बाई उभ्या राहिल्या. काही वेळानं पाणी सांडव्याच्या उंबऱ्यावर आलं आणि त्यावरून पातळ चादरीसारखं पलीकडे घसरायला लागलं. माथ्यावर एकच हलकल्लोळ झाला. "फुटलं! फुटलं!" कुणीतरी ओरडलं.

"फुटलं नाही, सांडलं!" काकू खालून ओरडल्या. "सांडवा त्यासाठीच आहे! काँक्रीटवरून सांडलेलं चालतं, मातीवरून नाही!"

चादर काही जाड झाली नाही. डोंगरातला पाऊस उणावला होता. दिवेलागणीच्या आधीच सांडव्याचा उंबरा पुन्हा उघडा पडला, आणि बरणीतलं पाणी शेवटपर्यंत तसंच नितळ राहिलं. बाईंनी काकूंच्या पाठीवर थाप मारली आणि मग दोघींच्या लक्षात आलं की सकाळपासून कुणीच काही खाल्लेलं नाही. व्याह्यांच्या खिशात ब्रेडचे चार तुकडे होते, चेपलेले. ते तिघांनी आणि धिप्पाड कुरणवाल्यानं वाटून खाल्ले.

खाली गावात ओढा पुलाच्या कमानीला टेकून वाहत होता, पण काठ सोडला नव्हता. खालच्या गल्लीतलं एकही दुकान बंद झालं नव्हतं. काकू घरी आल्या तेव्हा नवरा म्हणाला, "एवढा बोभाटा झाला म्हणून मी आरसे उतरवून माळ्यावर ठेवले. दिवसभर आरशाशिवाय दाढ्या केल्या. आणि झालं काय? काहीच नाही! गिऱ्हाइकं मात्र दाढी कशी झाली ते न बघताच वाटेला लागली."

"काहीच झालं नाही ना?" काकूंनी पुन्हा विचारलं.

"अगं, काही म्हणजे काही नाही."

काकू इतक्या हसल्या की नवऱ्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

पुढचे काही दिवस तळं सावकाश उतरवायचं काम चाललं. घाईनं पाणी ओढलं तर ओली माती घसरते, म्हणून दरवाजा बोटाबोटानं वर घ्यायचा. तळ उघडा पडला तेव्हा त्यात गाळ होता, एक प्लास्टिकची खुर्ची होती, कुणाचा तरी दरवाजा होता कुलपासकट, आणि ओंडके तर विचारू नका. बाईंनी गाळ काढायला यंत्रं मागवली. कुरणवाले आले, गाळ बघून आधी कुरकुरले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तो गाळ काळाभोर आहे. तेव्हा तो कुणी न्यायचा यावरून त्यांच्यात जुंपली.

शेवटचं पाणी बोगद्यातून निघून गेलं आणि ओढा पुन्हा आपल्या जागी वाहायला लागला, त्या दुपारी काकू धरणावरून उतरून थेट नवऱ्याच्या दुकानात गेल्या. घराची किल्ली त्याच्याकडे होती. तो एका गिऱ्हाइकाचे केस झटकत होता. "बस जरा," असं म्हणून त्यानं रिकामी झालेली खुर्ची फिरवली. काकू बसल्या. त्यानं सहज खुर्चीची पाठ मागे केली आणि म्हणाला, "डोक्यात निम्मा गाळ आणलायस, धुऊन देऊ का?"

काकूंना झोप लागली होती.

बाकावर तिघं जण आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते. त्यातला एक म्हणाला, "माझा नंबर होता."

नवऱ्यानं तोंडावर बोट ठेवलं, टॉवेल उलगडून बायकोच्या अंगावर घातला आणि हळूच सगळ्यांना फुटपाथवर काढलं. बाहेर ऊन पडलं होतं. त्यानं तिथंच एक स्टूल टाकलं, पहिल्या गिऱ्हाइकाला त्यावर बसवलं आणि कात्री आवाज न करता कशी चालवायची, याचा विचार करत कामाला लागला.